पवईचे औषध आणि नागापूरचा कामगार

‘स्वस्त’ हा शब्द आपल्याकडे फार सैलपणे वापरला जातो. ४ एप्रिल २०२४ रोजी पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते कर्करोगावरील एका नव्या उपचाराचे लोकार्पण झाले, तेव्हाही तो वापरला गेला. रुग्णाच्याच रक्तातील टी पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांच्यात बदल घडवायचा, त्या पुन्हा त्याच्याच शिरेत सोडायच्या आणि त्यांच्याकरवी कर्करोगाचा नाश करायचा, असा हा उपचार. अमेरिकेत त्याची किंमत कोटींत मोजावी लागते. इथे तो सुमारे तीस ते चाळीस लाखांत उपलब्ध झाला. ही घट लहान नाही आणि ती घडवून आणणाऱ्या संशोधकांचे श्रेय तिळमात्र कमी करण्याचे कारण नाही. पण नगर शहराला लागून, मनमाड रस्त्यावर असलेल्या नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रापुढे उभ्या असणाऱ्या कामगाराच्या बाजूने हा आकडा वाचला, की त्या शब्दातला जीव जातो. कामगार विमा योजनेसाठी २०१७ साली ठरलेली वेतनमर्यादा महिना २१,००० रुपयांची. त्या मर्यादेवरच्या माणसाने एकही पैसा खर्च न करता सारा पगार बाजूला टाकला, तरी तीस लाख जमायला जवळजवळ बारा वर्षे लागतील. उलटलेला रक्ताचा कर्करोग एवढा थांबत नाही.

तेव्हा प्रश्न दोन आहेत. हे औषध इतके स्वस्त कसे झाले, आणि ते आणखी खाली का येऊ नये? पहिल्याचे उत्तर मिळाल्याशिवाय दुसऱ्याचे मिळणार नाही, आणि पहिल्यासाठी उपचाराची जातकुळी थोडी समजून घ्यावी लागते.

रक्तातील पांढऱ्या पेशींचा एक वर्ग म्हणजे टी पेशी. अस्थिमज्जेत जन्मून त्या छातीच्या मधल्या हाडामागे असलेल्या थायमस नावाच्या ग्रंथीत जातात आणि तिथे तयार होतात, म्हणून त्या ‘टी’. माणूस वयात आला की ही ग्रंथी आकसू लागते. तिला ‘यौवनलोपी ग्रंथी’ असे नाव देणाऱ्या मराठी परिभाषाकारांना दाद दिली पाहिजे. मूळ नावापेक्षा भाषांतर अधिक बोलके होण्याचे प्रसंग विरळा. या ग्रंथीला शरीरात काही महत्त्वाचे काम असेल असे १९६१ पर्यंत फारसे कोणाला वाटत नव्हते. त्या वर्षी लंडनमध्ये जॅक मिलर या तरुण संशोधकाने नवजात उंदरांच्या अंगातून ती काढून टाकली, तेव्हा ते उंदीर संसर्गाला बळी पडू लागले आणि दुसऱ्या उंदराच्या कातडीचे कलमही त्यांच्या अंगावर विनातक्रार रुजू लागले. आपले कोण आणि परके कोण, हे पेशींना शिकवणारी शाळाच ती.

कर्करोगाची सारी पंचाईत इथेच आहे. कर्कपेशी ही परकी नसते; घरातलाच माणूस फितूर झालेला असतो. टी पेशी दुसऱ्या पेशीची झडती घेते ती तिच्या पृष्ठभागावर मांडलेल्या प्रथिनांच्या तुकड्यांवरून. अनेक कर्कपेशी हे तुकडे मांडण्याचेच बंद करतात, आणि मग दारात आलेला पहारेकरी रिकाम्या हाताने परत जातो. शरीराचे दुसरे शस्त्र म्हणजे प्रतिपिंड. पेशीवरच्या एखाद्या रेणूचा आकार ते थेट ओळखते आणि त्याला घट्ट चिकटते. पण ठार मारण्याची टी पेशीसारखी ताकद त्याच्यात नसते. इस्रायलमधील वाइझमन संस्थेतील झेलिग एश्हार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली या दोहोंची गाठ घातली. ओळखण्याचा भाग प्रतिपिंडाचा आणि मारण्याचा हुकूम टी पेशीचा, असा एक जोडरेणू त्यांनी टी पेशीवर बसवला. अशा जोडरेणूला पुढे ग्रीक पुराणातील सिंहमुखी, अजदेही प्राण्यावरून ‘कायमेरिक’ हे विशेषण लागले आणि त्याच्या आद्याक्षरांवरून ‘कार-टी’ हे आजचे नाव रूढ झाले. हे बारसे आपल्याकडे झाले असते तर कोणाला तरी नृसिंह आठवला असता. माणसाच्या हातून मरण नाही आणि पशूच्याही हातून नाही, असा वर घेतलेल्याला मारायला दोहोंचा मिळून एकच देह लागतो.

हा जोडरेणू पेशीवर बाहेरून चिकटवून भागत नाही. तो घडवण्याची जनुकीय आज्ञा पेशीच्या केंद्रकात पोचवावी लागते, म्हणजे तिच्या लेकी-नातींनाही तो वारशाने मिळतो. हे पोचवण्याचे काम करायला माणसाने निवडला तो एड्सच्या विषाणूचा निकट आप्त. किंबहुना त्याचाच दात काढलेला अवतार. टी पेशीत शिरण्यात या विषाणूचा हात कोणी धरणार नाही. ज्या पेशींचा विध्वंस करून त्याने कोट्यवधी माणसांना मरणाच्या दारी नेले, त्याच पेशींत तो आता वाढण्याची शक्ती काढून घेतलेल्या रूपात औषधाचे पत्र टाकून येतो. विज्ञानाच्या इतिहासात चोराच्या हाती किल्ल्या सोपवून घर सुरक्षित केल्याची उदाहरणे फार नसतील.

पत्र पोचले, पण पत्ता कोणता? आज या उपचाराने सर्वांत खात्रीचे यश मिळवले आहे ते ‘सीडी-१९’ या रेणूवर नेम धरून. हा रेणू बी पेशी नावाच्या पांढऱ्या पेशींवर असतो. लहान मुलांत आढळणारा तीव्र स्वरूपाचा रक्ताचा कर्करोग आणि मोठ्यांतील लसिकाग्रंथींचे अनेक कर्करोग हे या बी पेशींचेच असतात. हल्ला चढवताना टी पेशी चांगली बी पेशी आणि बिघडलेली बी पेशी यांत फरक करीत नाही, दोन्ही मारते. बी पेशींवाचून माणूस जगू शकतो. त्याला बाहेरून प्रतिपिंडे टोचून द्यावी लागतात इतकेच. पण फुफ्फुसाच्या किंवा यकृताच्या साऱ्याच पेशी मारून रुग्ण वाचवता येणार नाही. एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवली तर ‘आता सगळे कर्करोग बरे होणार’ अशा मथळ्यांची किंमत वाचकाला आपोआप कळेल.

२०१० साली अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात कार्ल जून यांच्या पथकाने रक्ताच्या कर्करोगाच्या पहिल्या प्रौढ रुग्णांवर हा प्रयोग केला. एप्रिल २०१२ मध्ये फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयात सहा वर्षांच्या एका मुलीला या पेशी दिल्या गेल्या. दोनदा उलटलेल्या रोगापुढे तिच्यासाठी दुसरा उपाय राहिला नव्हता. पेशी कामाला लागल्या त्या अशा जोराने की तिचा ताप भडकला, रक्तदाब कोसळला, श्वासाला यंत्र लावावे लागले. लढणाऱ्या पेशी जी रसायने सोडतात त्यांचाच हा पूर होता. तपासणीत त्यांपैकी एक रसायन बेसुमार वाढलेले आढळले. ते अडवणारे औषध संधिवातासाठी बाजारात आलेले होते, आणि जून यांना त्याची माहिती होती ती स्वतःच्या मुलीला बालसंधिवात होता म्हणून. ते औषध दिले आणि काही तासांत मुलगी सावरू लागली. पुढे रोगमुक्त झाली. आज जगभर हा उपचार करताना ते संधिवाताचे औषध खाटेशेजारी तयार ठेवले जाते. एका बापाला घरच्या दुखण्यामुळे माहीत झालेली गोष्ट साऱ्या उपचारपद्धतीच्या उपयोगी पडली, हा योगायोग खरा. पण रात्री-अपरात्री ते रसायन मोजून देणारी प्रयोगशाळा रुग्णालयात होती, हा योगायोग नव्हता. या दुसऱ्या गोष्टीकडे पुढे पुन्हा वळावे लागेल.

ऑगस्ट २०१७ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने या उपचाराला मान्यता दिली आणि कंपनीने किंमत जाहीर केली : ४,७५,००० डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे तीन कोटी रुपये. रुग्णालयाचा खर्च वेगळा. ही किंमत का, याचे कंपनीचे उत्तर अगदीच खोटे नव्हते. गोळ्यांचा एक घाणा घातला की लाखो रुग्णांना पुरतो. इथे प्रत्येक रुग्णासाठी वेगळा घाणा. त्याच्या पेशी काढायच्या, गोठवून कारखान्यात न्यायच्या, बदलायच्या, वाढवायच्या, प्रत्येक टप्प्यावर निर्जंतुकतेची परीक्षा घ्यायची आणि परत आणायच्या. एका रुग्णाच्या पेशी दुसऱ्याच्या अंगात गेल्या तर अनर्थ. पण उत्पादनाचा खर्च हा किमतीचा एक भाग झाला. उरलेला भाग स्वामित्वहक्क, गुंतवणूकदारांचा परतावा आणि श्रीमंत देशांतील विमा कंपन्या काय सोसू शकतील याचा अंदाज, यांचा असतो. तीन कोटींतून हे दोन भाग वेगळे काढून दाखवण्याचे काम कोणत्याही कंपनीने केले नाही. ते पवई आणि खारघर यांनी केले, आणि या सबंध प्रकरणाचे खरे महत्त्व त्यात आहे.

इथे थोडे मागे जावे लागते, आणि मागे गेले की नगर जिल्ह्याचाही संबंध येतो. शरीरातील पेशी शरीराबाहेर जिवंत ठेवून वाढवणे ही या उपचाराची पायाभूत विद्या. ती मुंबईत रुजवली कमल रणदिवे यांनी. १९१७ साली पुण्यात जन्मलेल्या, हुजूरपागेत आणि फर्ग्युसनमध्ये शिकलेल्या या बाईंनी परळला डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या हाताखाली काम करून १९४९ साली मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. पुढे बाल्टिमोरला जॉर्ज गे यांच्याकडे त्यांनी पेशीसंवर्धनाचे तंत्र आत्मसात केले. याच गे यांच्या प्रयोगशाळेत १९५१ साली मानवी पेशींचा पहिला अखंड वाढत राहणारा वंश हाती लागला होता. परत येऊन रणदिवे यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. देशातील ती पहिली मानली जाते. हे केंद्र पुढे टाटा रुग्णालयाशी जोडले गेले आणि त्यातूनच आजच्या टाटा स्मारक केंद्राची घडण झाली. त्याचा संशोधन विभाग आता खारघरच्या ‘ॲक्ट्रेक’मध्ये नांदतो. भारतातील पहिल्या रुग्णाला कार-टी पेशी दिल्या गेल्या त्या ४ जून २०२१ रोजी, याच ॲक्ट्रेकच्या अस्थिमज्जा रोपण विभागात. ज्या संस्थेत पेशी बाटलीत वाढवण्याची विद्या प्रथम आली, तिच्याच वंशात ती औषध होऊन बाहेर पडली. मधली पन्नास-साठ वर्षे त्या प्रयोगशाळा चालल्या त्या सरकारी अनुदानावर, कोणताही नफा दृष्टिपथात नसताना.

रणदिवे यांचे दुसरे काम फारसे कोणाला ठाऊक नाही. १९८२ साली पद्मभूषण मिळालेल्या या संशोधिकेने प्रयोगशाळेतून निवृत्त झाल्यावर अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील आदिवासी मुलांच्या पोषणाची पाहणी हाती घेतली आणि तेथील स्त्रियांच्या आरोग्यासाठी काम केले. पेशीच्या केंद्रकात डोकावणारी नजर आदिवासी पोरांच्या ताटाकडे वळली, याचे नवल वाटण्याचे कारण नाही. पोषण नसलेल्या मुलाला कर्करोगाची साधी औषधेही सोसत नाहीत, हे परळच्या वॉर्डात वावरलेल्या माणसाला सांगावे लागत नाही.

पवईला राहुल पुरवार २०१३ साली अध्यापक म्हणून रुजू झाले. टाटाचे बालकर्करोगतज्ज्ञ गौरव नरुला आणि प्रौढांच्या रक्तरोगांचे तज्ज्ञ हसमुख जैन यांच्याशी त्यांची गाठ पडली, आणि पवईने पेशी घडवायच्या, टाटाने त्या रुग्णांना द्यायच्या, अशी वाटणी झाली. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या अंगीकृत संस्थेने पहिल्या मानवी चाचणीसाठी १९ कोटी १५ लाख रुपये मंजूर केले. आकडा मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगा आहे : अमेरिकी दराने सहा-सात रुग्णांच्या औषधाला जेवढे पैसे पडतील तेवढ्यात इथे एका देशाच्या उपचाराची चाचणी मार्गी लागली. संस्थेच्या छायेखाली ‘इम्युनोॲक्ट’ ही कंपनी २०१८ मध्ये उभी राहिली. प्रतिपिंडाचा जो तुकडा परदेशी औषधांत उंदराचा होता, तो इथे मानवी प्रतिपिंडाशी मिळताजुळता करून घेण्यात आला. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे तो विषाणूवाहक. औषधाच्या खर्चातील हा एक अवजड घटक. परदेशातून मागवला तर किंमत आणि वाट पाहणे, दोन्ही हाताबाहेर जाते. तो इथेच तयार करण्यात आला. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली आणि ‘नेक्सकार-१९’ बाजारात आले. जानेवारी २०२५ मध्ये बंगळूरच्या एका कंपनीने दुसरे औषध आणले. स्पर्धा सुरू झाली, हे चांगलेच झाले.

गुण किती आला? २०२५ साली ‘लॅन्सेट’ समूहाच्या रक्तविज्ञानविषयक नियतकालिकात या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सहभागी रुग्ण ६४. सगळ्यांचा रोग आधीच्या उपचारांना न जुमानणारा किंवा बरा होऊन उलटलेला. परिणाम मोजता आला अशा ५१ जणांपैकी ७३ टक्क्यांत रोग मागे हटला. उपचारामुळेच दोघे दगावले. काहींचा रोग काही महिन्यांत परतला. ज्यांच्या हाती काहीच उरले नव्हते, त्यांच्यात दर चारांपैकी जवळजवळ तिघांना उतार पडला, हे फार मोठे आहे. पण उतार पडणे म्हणजे रोगमुक्त होणे नव्हे. शिवाय, बदललेल्या टी पेशींतूनच क्वचित नवा कर्करोग उद्भवू शकतो, असा इशारा अमेरिकी प्रशासनाने २०२४ साली अशा सर्व औषधांच्या वेष्टनावर छापायला लावला आहे. आपल्याकडच्या मुख, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या कर्करोगांवर, म्हणजे खेड्यापाड्यांतून टाटाकडे येणारी सर्वांत मोठी रांग ज्यांची असते त्यांच्यावर, कार-टीचा अद्याप उपयोग नाही. घट्ट गाठीत शिरणे टी पेशींना जमत नाही आणि शिरल्या तरी तिथे त्या थकतात. त्वचेच्या एका कर्करोगावर आणि स्नायू-सांध्यांलगतच्या एका विरळ गाठीवर टी पेशींचे वेगळ्या जातीचे उपचार अमेरिकेत २०२४ साली मान्य झाले. दार किलकिले झाले आहे, इतकेच म्हणता येईल. तंबाखूच्या पुडीवर मात्र आजही कोणत्याही टी पेशीपेक्षा स्वस्त आणि खात्रीचा इलाज आहे, आणि तो म्हणजे ती न उघडणे.

नेमका इथेच एक आक्षेप उभा राहतो, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. तीस लाखांत एक रुग्ण, तोही बरा होईलच असे नाही. त्याच पैशात किती मुलांचे साधे रसायनोपचार होतील, किती स्त्रियांच्या गर्भाशयमुखाची तपासणी होईल? मुलांतील तीव्र रक्ताचा कर्करोग बहुतांशी जुन्या, स्वस्त औषधांनीच बरा होतो, जर निदान वेळेवर झाले आणि उपचार मध्येच सुटले नाहीत तर. हा ‘जर’ जिथे पुरा होत नाही तिथे नव्या उपचाराचा गाजावाजा म्हणजे पाया नसलेल्या घरावर कळस. आक्षेपात तथ्य आहे. फक्त त्यातून निघणारा निष्कर्ष चुकीचा आहे. गरिबाने जुन्या औषधांत समाधान मानावे आणि नवे औषध पैसेवाल्यांसाठी असावे, अशी वाटणी एकदा मान्य केली की जुनी औषधेही हळूहळू खालच्या दर्जाची होत जातात. सरकारी शाळांचे काय झाले, हे शिक्षक वाचकांना वेगळे सांगायला नको. आणि मुख्य म्हणजे हे औषध कोणा दूरच्या कंपनीची मेहेरबानी नाही. अणुऊर्जा खात्याच्या अखत्यारीतले रुग्णालय, केंद्राच्या पैशावर चालणारी तंत्रज्ञान संस्था, सरकारी अनुदान. नागापूरच्या कामगाराने साबणाच्या वडीवर भरलेल्या करातून उभ्या राहिलेल्या गोष्टीचा तो गिऱ्हाईक नव्हे, भागीदार आहे.

भागीदाराला वाटा कसा द्यायचा, याचे नमुने जगात आहेत. बार्सिलोनाच्या क्लिनिक रुग्णालयाने, म्हणजे एका सार्वजनिक रुग्णालयाने, स्वतःच कार-टी पेशी घडवल्या. २०२१ साली स्पेनच्या औषध नियंत्रकांनी त्यांना परवानगी दिली. किंमत सुमारे ९०,००० युरो ठरली आणि ती शासकीय आरोग्यसेवा भरते. इटली आणि स्पेन यांनी कंपन्यांच्या महागड्या औषधांसाठीही एक शहाणपणाचा करार केला : सारे पैसे एकदम द्यायचे नाहीत, हप्ते पाडायचे, आणि पुढचा हप्ता रुग्णाला गुण आला तर. आपल्या देशात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने रुग्णालयाच्या आवारातच, सुमारे नऊ दिवसांत पेशी तयार करून दाखवल्या आहेत. पेशी गोठवून कारखान्यात नेण्या-आणण्याचा फेरा त्यात टळतो. डिसेंबर २०२४ मध्ये वस्तू व सेवा कर परिषदेने जनुकीय उपचारांवरील कर माफ केला; तेही पाऊल योग्य दिशेचे. तेव्हा तीस लाख ही काही दगडावरची रेघ नव्हे.

मात्र, आयुष्मान भारत योजनेचे संरक्षण कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांचे आहे. पाच लाखांच्या छत्रीखाली तीस लाखांचा उपचार मावत नाही, हे समजायला अर्थशास्त्री लागत नाही. मधले पंचवीस लाख आज नातेवाईक, देवस्थाने, धर्मादाय न्यास आणि जमिनीचा तुकडा यांतून उभे करावे लागतात, आणि ते उभे राहीपर्यंत रोग पुढे सरकतो. राज्य सरकारने स्वतंत्र निधी काढावा, टाटा आणि पवई यांनी सार्वजनिक पैशातून निघालेल्या तंत्रावर काही टक्के रुग्ण सरकारी दराने घेण्याची अट कंपनीवर घालावी, आणि स्पेनप्रमाणे गुण येईल तसे पैसे द्यावेत. या तिन्ही गोष्टींना नव्या शोधाची गरज नाही. मंत्रालयातील एका टिपणीची आहे. याखेरीज मुंबई, पुणे, नागपूर येथील सरकारी रुग्णालयांत रक्तविकारांचे विभाग असे सिद्ध झाले पाहिजेत की तिथे या पेशी देता येतील. फिलाडेल्फियातील ती मुलगी वाचली ती तिच्या रक्तातील एक रसायन तातडीने मोजणारी सोय हाताशी होती म्हणून. पेशींची पिशवी विकत घेता येते. अशी सोय विकत मिळत नाही, ती वर्षानुवर्षे बसवावी लागते.

आणि नगरमध्ये काय व्हायला हवे? जे व्हायला हवे ते खर्चिक नाही. रसायनोपचारांच्या फेऱ्यांवर फेऱ्या झालेल्या रुग्णाच्या टी पेशी संख्येने कमी आणि दमलेल्या असतात. त्यांच्यापासून चांगले औषध बनत नाही. म्हणून रोग पहिल्यांदा उलटला तेव्हाच मोठ्या केंद्राचा सल्ला घ्यावा लागतो, सर्व उपाय थकल्यावर नव्हे. महिनाभर उतरत नसलेला ताप, अंगावर कारणाशिवाय उठणारे निळे डाग, मुलाचा पांढरा पडत चाललेला चेहरा, एवढ्यावरून रक्ताची साधी तपासणी सांगणारा डॉक्टर नागापूर-बोल्हेगावच्या दवाखान्यातही असू शकतो. त्या तपासणीचा अहवाल जिल्हा रुग्णालयातून थेट खारघरच्या तज्ज्ञाच्या टेबलावर त्याच दिवशी दिसेल, अशी सोय तारायंत्राच्या काळात अशक्य होती; आज तिला एक संगणक आणि एक जबाबदार कारकून पुरे. तूर्त मात्र रुग्ण कागदांची पिशवी घेऊन आधी पुण्याची गाडी धरतो, तिथून मुंबईची. बरोबरच्या माणसाची कारखान्यातली खाडे धरून रजा संपत येते. परळच्या रांगेत नंबर लागेपर्यंत दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर मिळते, आणि न मिळाली तर रुग्णालयासमोरच्या पदपथावर चादर अंथरली जाते. नवा उपचार घ्यायचा झाला तर पेशी काढल्यापासून त्या परत देऊन धोका टळेपर्यंत कित्येक आठवडे रुग्णालयाच्या जवळपासच राहावे लागते. तीस लाखांच्या हिशेबात या आठवड्यांचे भाडे कोणी धरलेले नाही.